गंगाक्काचं पोट

पोटात दुखतंय म्हणणारा माणूस कुठे हात ठेवतो ते आधी बघावं, तो काय सांगतो ते मागाहून ऐकावं. एक बोट ठेवून दाखवणारा वेगळा, सगळा तळवा फिरवणारा वेगळा आणि कुणाला हातच न लावू देणारा तर अगदीच वेगळा. जोयडा तालुक्यातल्या रामनगरला इतकी वर्षं दवाखाना चालवून माझ्या पदरात पडलेलं शहाणपण म्हणाल तर एवढंच. बाकीचं सगळं पुस्तकात आहे, आणि पुस्तकं आता फोनमध्ये आहेत.

दवाखान्याची पाटी मी उतरवली, पण म्हणून माणसं यायची थांबली नाहीत. आता ती मागच्या दाराने येतात, जाता जाता सहज डोकावल्यासारखी, आणि चहा पिता पिता शर्टाची बटणं सोडायला लागतात. मी वैतागते, जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात जा म्हणते, आणि म्हणता म्हणता माझा हात त्यांच्या पोटावर गेलेला असतो. या दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक लिहा, असा मला निरोप आला आहे. थरार माझ्याकडे नाही. माझ्याकडे पोटं आहेत.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता तन्वी माझ्याकडे अभ्यासाला येऊन राहिली. ही माझ्या सगळ्यात धाकट्या भावाची मुलगी, डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. शहरात लक्ष लागत नाही म्हणाली. इथे लक्ष लागायला दुसरं काही नाहीच. सकाळी धुकं उतरतं ते उन्हाला दाद देत नाही, अंगणातली फणसाची झाडं दहा वाजेपर्यंत अर्धीच दिसतात, आणि दुपारी जेवणं झाली की सगळं गाव एकदम पेंगायला लागतं. मी मागच्या पडवीत आरामखुर्चीवर पडायची आणि तन्वी येरझाऱ्या घालत मोठ्याने घोकायची. तिचे ते रोग माझ्या झोपेत यायचे. एकदा तर मी सुपा धरणाच्या पाण्यावर होडीत होते, पाण्याखाली बुडालेल्या शेतांचे बांध स्पष्ट दिसत होते, आणि काठावरून कुणीतरी लयीत हाका मारत होतं, डायव्हर्टिक्युलायटिस, डायव्हर्टिक्युलायटिस. इतकं गोड नाव मी स्वप्नात कधी ऐकलं नव्हतं.

"आत्या, झोपलीस?"

"अर्धी."

"मग उरलेल्या अर्धीने सांग. हा रोग नेमका ओळखायचा कसा? परीक्षेत हमखास येतो आणि माझा सगळा गोंधळ होतो."

मी डोळे मिटूनच सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे डॉक्टरांनाच कळावं असं काही नाही. वय झालं की मोठ्या आतड्याची भिंत जागोजागी सैल पडते. रक्तवाहिनी जिथून भिंतीत शिरते तिथे आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि लहान लहान पिशव्या होतात. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते डोंगरांमधल्या घळींत शिरून बसलं, तसं हे. मुख्य प्रवाह पुढे जातो, घळीतलं पाणी तिथेच राहतं. बहुतेक घळींचं काही बिघडत नाही, तशा या पिशव्या घेऊन माणसं सुखाने जगतात आणि त्यांना पत्ताही नसतो. पण एखाद्या पिशवीत मळ अडकतो, ती सुजते, आणि मग या गोड नावाचा रोग होतो.

तन्वीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. ओटीपोटात डावीकडे सतत दुखतं, ताप येतो, शौचाचं तंत्र बिघडतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. स्कॅनवर निदान पक्कं होतं. सूज असताना आतड्यात दुर्बीण घालायची नाही, भिंत फाटू शकते. सगळं शांत झाल्यावर, दीड-दोन महिन्यांनी मात्र घालायची, कारण आत कर्करोग दडलेला नाही याची खात्री करायला हवी.

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. "फक्त एवढं लक्षात ठेव की आपल्याकडे हे उजवीकडेही होतं. तिथे झालं की सगळे अपेंडिक्स म्हणून मोकळे होतात. आणि म्हातारी माणसं पुस्तक वाचून आजारी पडत नाहीत. त्यांना ताप येतोच असं नाही, पोट घट्ट होतंच असं नाही."

मग मी तिला आमच्या शेटची गोष्ट सांगितली. बाजारातला भुसारी दुकानदार, मूळचा खानापूरकडचा, तोलून मापून बोलणारा. त्याला वर्षभर लघवीचा त्रास होता. गोळ्या घेतल्या की थांबायचा, गोळ्या संपल्या की परत हजर. चार डॉक्टर झाले, पाचवी मी. सगळं सांगून झाल्यावर तो उठला, दारापर्यंत गेला, दार लोटून घेतलं आणि परत येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "डाक्टर, एक गोष्ट हाय. लघवीतनं वारा जातोय. बुडबुडं येत्यात. बायकोला सांगितलं तर ती हसली."

मी हसले नाही. मला त्याची पप्पी घ्यावीशी वाटली. आतड्यातली पिशवी सुजून सुजून शेजारच्या मूत्राशयाला चिकटली होती आणि दोघांमध्ये वाट पडली होती. आतड्यातला वारा त्या वाटेने लघवीत येत होता. हे वाक्य त्याने पहिल्याच डॉक्टरला सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. पण लाज वाटली. पोटाच्या दुखण्यात निम्मं दुखणं लाजेचं असतं. ऑपरेशन होऊन शेट ठणठणीत झाला आणि पुढे मला बघितलं की रस्ता बदलायला लागला.

तन्वी खूप हसली. त्याच आठवड्यात, अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी, दारात जीप थांबली आणि गंगाक्का आली.

गंगाक्का, आडनाव वेळीप, राहणारी दिग्गीची. दिग्गी म्हणजे आमच्या तालुक्याचं पार टोक, रानाच्या पोटातलं गाव. तिथे आणि आसपासच्या वाड्यांवर पोट बसवणारी म्हणून तिचं नाव होतं. कुणाच्या पोटात दुखलं की बेंबी सरकली असं समजायचं, गंगाक्काकडे जायचं. ती उताणं झोपवायची, कोमट खोबरेल लावून पोट चोळायची, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायची. दिवा विझला की तांब्या पोटाला गच्च धरून बसायचा. तो निघाला की दुखणंही निघालं. वर एरंडेलाचा घोट. खरं सांगायचं तर शंभरातल्या पुष्कळांना बरंही वाटायचं, कारण शंभरातली पुष्कळ दुखणी वाऱ्याचीच असतात. उरलेले माझ्याकडे उशिरा पोचायचे, आणि मग मी गंगाक्काच्या नावाने बोटं मोडायची. आमचं भांडण जुनं होतं. बाजारात भेटली की ती म्हणायची, "काय गो बाय, किती पोटं फाडलीस?" मी विचारायची, "तू किती फोडलीस?" आणि मग आम्ही दोघी चहा प्यायचो.

त्या दिवशी ती जीपमधून उतरली ती दाराला धरून, एकेक पाय जपून टेकवत. मागे तिची सून सुनंदा, हातात एरंडेलाची बाटली.

"चोळून घ्यायला आलोय," गंगाक्का पडवीत बसत म्हणाली. "बेंबी सरकलीय माझी. हिचा हात पडत न्हाई. भ्याती. दिग्गीत पोट बसवणारी मी एकटी, मग माझं कोण बसवणार? तुझा हात जड हाय, पोटाची सवय हाय. मी सांगतो तसं चोळ."

मला हसू आलं आणि तितकीच काळजी वाटली. सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं. चार-सहा दिवस झाले होते. जेवण तुटलं होतं. संध्याकाळी अंगात कणकण भरायची. लघवीला सारखी जायची. "आज सकाळी एरंडेल घेतो म्हणत होत्या," सुनंदा म्हणाली, "मीच म्हटलं, आधी डाक्टरणीकडं जाऊ, मग घ्या."

"येताना गाडीच्या धक्क्यांना दुखलं काय?" मी गंगाक्काला विचारलं. हा माझा जुना प्रश्न. पोटात आत सूज असली की खड्ड्याखड्ड्याला जीव कळवळतो, आणि तिकडून येणारी माणसं कुठल्या वळणावर दुखलं ते नेमकं सांगायची.

"धक्का कुठला? बाजारकुणंगच्या फुडं रस्ता गुळगुळीत केलाय न्हवं."

रस्ते सुधारले ते चांगलंच झालं. पण माझं एक फुकटचं उपकरण गेलं, याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं.

तन्वीला म्हटलं, तू तपास. तिने हात चोळून ऊब आणली, गंगाक्काला आडवं केलं, गुडघे दुमडायला लावले आणि शिकवल्याप्रमाणे दूरच्या बाजूने सुरुवात करत सगळं पोट दाबून पाहिलं. गंगाक्काने डोळे मिटून लांब श्वास सोडला होता.

"दुखतं का, आजी?"

"न्हाई गो. जरा जड वाटतंय इतकंच."

"आत्या, पोट मऊ आहे," तन्वी म्हणाली. "कुठेच घट्ट नाही."

मी तिच्या पायांशी उभी होते. तन्वीचा हात डावीकडे खाली गेला तेव्हा गंगाक्काचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत होता, पण तिच्या डाव्या पायाची बोटं आत वळली आणि हात उचलेपर्यंत वळलेलीच राहिली. तेव्हा मला उमगलं. पोट सोड, श्वास सोड, अंग ढिलं कर, हे ती जन्मभर दुसऱ्यांना सांगत आली होती. दुखत असतानाही पोट मऊ ठेवायची विद्या तिच्या अंगात मुरली होती. जी खूण आम्ही शोधतो तीच ती नकळत लपवत होती. असा रोगी मी आधी पाहिला नव्हता.

"गंगाक्का, खोक बघू."

"कशाला? मला काय दमा हाय?"

"खोक म्हटलं ना."

ती घसा खाकरल्यासारखं करून थांबली. मी मोठ्याने म्हटलं तेव्हा एकदाची खोकली, आणि तिचा हात आपसूक डावीकडे ओटीपोटावर गेला. तन्वीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

मी स्पष्ट सांगितलं की बेंबी जागच्या जागी आहे, आतड्याला सूज आहे, आताच्या आता बेळगावला जायचं, स्कॅन करायचं. चोळायचं नाही, एरंडेल घ्यायचं नाही. गंगाक्का उठून बसली.

"बेळगाव नको. तिथं फाडत्यात. पोट मऊ हाय, तुझ्या पोरीनंच सांगितलं की. तू चोळत न्हाईस तर ऱ्हाऊ दे. साकू झालं, पुरे. घरला जातो, ही चोळंल."

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी खूप रागावले. ती घरी गेली, चोळून घेतलं आणि वर एरंडेल प्यायली तर दुसऱ्या दिवशी काय होईल ते मला दिसत होतं. भांडायची सवय असलेल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, हेही कळत होतं. शेवटी मी तिचाच हात धरला आणि तिच्या पोटावर डावीकडे ठेवला.

"तूच बघ. तुझ्यापेक्षा जास्त पोटं मी बघितलेली नाहीत. हळूहळू दाब, आत आत. आणि मग हात एकदम उचल."

तिने दाबलं. चेहरा तसाच. मग हात उचलला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून परसातली कोंबडीसुद्धा फडफडली.

"दाबल्यावर न्हाई," ती म्हणाली. "सोडल्यावर."

"पोटाच्या पोकळीचं अस्तर सुजलं की असं होतं. दाबलेलं चालतं. सोडलं की ते हिसका बसल्यासारखं हलतं आणि कळ येते. सरकलेल्या बेंबीला असं कधी होतं काय?"

ती स्वतःचा तळवा उलटासुलटा करून बघत बसली. एवढी बोलकी बाई, अशी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "गाडी सोडू नको. जाऊ या."

तो प्रवास मला अजून अर्धवट झोपेत दिसतो. लोंढ्याच्या रानातून तिरपं ऊन येत होतं आणि जीपमध्ये सावल्यांचे पट्टे सरकत होते. गंगाक्काचं डोकं सुनंदाच्या मांडीवर होतं. ताप आता चांगलाच चढला होता. ती मधूनच कुणाला तरी नांगर सोडून जेवायला ये म्हणत होती, कोनाची भाजी निवतेय म्हणत होती. कोनं म्हणजे आमच्या रानातले कंद, तिकडच्या लोकांचा जीव की प्राण. तन्वी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती. खानापूर गेलं, रान संपलं, दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली भातं आली, आणि मला वाटत राहिलं की ही वाट संपूच नये, कारण संपली की काय ते कळणार. वैद्यकीत एवढं आयुष्य काढूनही मला निकालाची भीती वाटते.

स्कॅनमध्ये सगळं दिसलं. पिशवीला बारीक छिद्र पडून शेजारी पू साचला होता. शरीराने आपणच तो चहूबाजूंनी वेढून धरला होता. तिथल्या सर्जनने पडद्यावर बोट ठेवून तन्वीला दाखवलं. हे चोळलं असतं तर वेढा मोडला असता आणि पू पोटभर पसरला असता, म्हणाला. साठा लहान होता म्हणून फाडायची वेळ आली नाही. तोंडाने काही द्यायचं नाही, शिरेतून औषधं द्यायची आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, असं ठरलं. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मग ताप उतरला, आणि एका दुपारी गंगाक्काने पेजेसाठी भांडण काढलं. सुनंदा आनंदाने रडली. मीही थोडी रडले, पण बाहेर जाऊन.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी आणि तन्वी तिला भेटायला गेलो. खिडकीतून ऊन आलं होतं, पलीकडच्या खाटेवरची बाई झोपली होती. तन्वीने तिला सांगितलं, आता बिया, कोनं, पालेभाजी सगळं खा, भरपूर पाणी पी, आणि दोन महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला न चुकता ये. गंगाक्का सगळ्याला व्हय व्हय म्हणत होती. तिचं लक्ष नव्हतं. मग सुनंदाला तिने चहा आणायला पाठवलं आणि ती बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळली.

"बाय, आमचा धनी पोटात दुखूनच गेला. तुला ठाऊक न्हाई. तू रामनगरला यायच्या आधीची गोष्ट."

मला ठाऊक नव्हतं. ती विधवा आहे एवढंच माहीत होतं.

"मीच चोळत होतो. दिवसभर, रातभर. हात ठेवला की निपचित पडायचा. उचलला की वरडायचा, लहान पोरावानी. मला वाटायचं, माझा हात हवाय म्हणून वरडतोय. म्हणून मी परत ठेवायचो. परत चोळायचो. माझी आयच मला पोट बसवायला शिकवून गेली होती. माझ्या हाताला गुण हाय म्हणून किती गर्व वाटला त्या दिवशी मला, की बघा, ह्याला माझ्या हाताबिगर करमत न्हाई."

पडवीत हात उचलल्यावर ती का गप्प झाली ते मला तेव्हा कळलं. मी त्यांचं पोट पाहिलेलं नाही, काहीही असू शकेल, हे डॉक्टरी उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते खरंही होतं. पण तिला फसवता येण्यासारखं नव्हतं, तिने ते पोट पाहिलं होतं.

"खरं सांग बाय. त्याला माझा हात हवा होता, का नको होता?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही. तन्वी खाटेच्या कडेला बसली. गंगाक्काचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"चोळायला नको होता, आजी," ती म्हणाली. "पण हात हवा होता."

गंगाक्काने मान हलवली. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि इतक्या वर्षांचं रडून घेतलं. तन्वीने हात सोडला नाही.